स्मारकाचा पत्ता
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, एका प्रश्नाने सुरुवात करतो. मोमिनाबाद कुठे आहे? आजच्या तरुण मुलांना हे नाव कदाचित परके वाटेल. पण निजामी राजवटीतल्या कागदपत्रांत आपले अंबाजोगाई याच नावाने भेटते. मोगली दप्तरात धारूरचे फतेहाबाद झाले होते. खुद्द बीड शहराचे नाव जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'भीर' असे छापलेले दिसते. वास्तूंचेही तेच. अंबाजोगाईच्या लेण्यांना कोणी शिवलेणी म्हणतो, कोणी हत्तीखाना. यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या काळातले, 1228 च्या शिलालेखाशी जोडलेले सकलेश्वर मंदिर लोकांच्या तोंडी मात्र 'बाराखांबी' आहे.

नावे अशी बदलत राहिली, तर वास्तू शोधायची कशी? आपल्या पूर्वजांनी यावर एक उपाय काढला होता. गाव दान दिले, की ताम्रपटात त्याची चतुःसीमा लिहायची. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, नदी कुठे, शेजारचे गाव कोणते, सगळे नोंदवायचे. माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. तिथे यादव राजा रामचंद्र याचा शके 1232, म्हणजे 1310 सालचा ताम्रपट सापडला. त्याचा मंत्री पुरुषोत्तम याच्या नावाने वसलेल्या अग्रहाराचा हा दानलेख आहे. सातशे वर्षांनंतर अभ्यासक अशा लेखांतली गावे आजच्या नकाशावर शोधू शकतात, कारण लिहिणाऱ्याने जागा सांगताना आळस केला नव्हता.

आज चतुःसीमेची जागा अक्षांश-रेखांशांनी घेतली आहे. संगणकाच्या ज्या प्रणालीत स्मारके त्यांच्या ठिकाणावरून शोधता येतात, तिचे काम समजायला सोपे आहे. प्रत्येक स्मारकाच्या नावापुढे त्याचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. आपण कुठे उभे आहोत, हे आपल्या मोबाइलला उपग्रहांच्या संदेशांवरून कळते. प्रणाली दोन ठिकाणांमधले अंतर काढते आणि जवळची स्मारके पडद्यावर मांडते. गावाचे नाव बदलो, जिल्ह्याचे बदलो, आकडे बदलत नाहीत. 2023 साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव झाले. तिथल्या एकाही स्मारकाचा अक्षांश त्यामुळे हलला नाही.

हे केवळ पर्यटकांच्या सोयीचे नाही. 2010 साली केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती झाली. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. आपला भूखंड या हद्दीत येतो का, हे नागरिकाला पाहता यावे म्हणून 2015 च्या सुमारास 'इस्रो'ने 'स्मारक' नावाची मोबाइल सुविधा तयार केली. इथे आकड्यांतली काटेकोरी फार महत्त्वाची ठरते. अक्षांशाच्या दशांश चिन्हापुढचा तिसरा अंक एकाने चुकला, तर जमिनीवर सुमारे 110 मीटरची चूक होते. म्हणजे नोंद करणाऱ्याचे बोट एका अंकाने घसरले, की संपूर्ण प्रतिबंधित पट्टा शेजाऱ्याच्या शेतात जाऊन बसतो आणि खरे स्मारक उघडे पडते.

जागेची नोंद ढिली राहिली की काय होते, याचा धडा देशाने घेतलेला आहे. महालेखापरीक्षकांच्या 2013 च्या अहवालात केंद्र-संरक्षित 92 स्मारके जागेवर आढळली नसल्याचे नमूद होते. पुढे शोधाशोध झाली, 42 सापडली. उरलेल्या 50 पैकी 14 वाढत्या शहरांनी गिळली, 12 धरणांच्या पाण्याखाली गेली आणि 24 चा मागमूस लागला नाही. 2024 साली 18 स्मारके यादीतून वगळण्याचा निर्णय झाला. त्यांत हरियानातल्या मुजेसर गावचा 13 क्रमांकाचा कोस मिनार होता. वाटसरूंना अंतर सांगण्यासाठी जो उभारला, त्याचाच पत्ता हरवला!

आता बीड जिल्ह्याकडे येऊ. धारूरचा किल्ला, धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर, अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी ही राज्य शासनाची संरक्षित स्मारके आहेत. 'इस्रो'च्या त्या सुविधेचा भर मात्र केंद्राच्या स्मारकांवर होता. केवळ तेवढीच यादी पाहिली, तर आपल्या भागात पाहण्याजोगे किंवा राखण्याजोगे काही नाही, असा गैरसमज सहज होईल. शिवाय गावोगावच्या वेशीत, पारावर, ओढ्याकाठी असलेले वीरगळ आणि शिलालेख यांतले बरेचसे कोणत्याच यादीत नाहीत. रस्ता रुंद करणाऱ्या कंत्राटदाराला पडद्यावर ठिपका दिसला नाही, तर त्याच्या लेखी तिथे नुसता दगड आहे.

ठिपका असला, तरी तो पुरतोच असेही नाही. बीडजवळची खजाना बावडी आठवा. सोळाव्या शतकात, मुर्तझा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाने ती बांधवून घेतली; रचना राजा भास्कर याची, असे सांगतात. वरून दिसते ती एक गोल विहीर. तिचे खरे वैभव जमिनीखाली आहे. दोन नहरींतून पाणी विहिरीत येते आणि तिसरीतून शेतांकडे जाते. नकाशावर विहिरीच्या तोंडाशी एक ठिपका दिला आणि भोवती वर्तुळ काढले, तर विहीर वर्तुळात राहील आणि नहरी बाहेर. उद्या कोणी नहरीच्या वाटेवर खोल बोअर घेतले किंवा पाया खणला, तर ठिपका शाबूत राहील, पाणी मात्र आटेल. अशा वास्तूची रेघ आखावी लागते. आणि ती रेघ कुठून जाते, नहरीचे उसासे कोणत्या शेतात आहेत, हे तिथल्या शेतकऱ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणून श्रोतेहो, संगणकाचे काम संगणक करील. त्याला माहिती पुरवण्याचे काम आपले आहे. आपल्या गावातल्या जुन्या वास्तूचे छायाचित्र घ्या, मोबाइलवर दिसणारे तिथले अक्षांश-रेखांश टिपून ठेवा. म्हातारी माणसे तिला कोणकोणत्या नावांनी ओळखतात, तेही लिहा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. शाळेच्या गुरुजींनी मनावर घेतले, तर एका सहलीत एका गावाची नोंद पुरी होईल. पुरुषोत्तमपुरीच्या लेखाने गोदाकाठचे एक दान सातशे वर्षे स्मरणात ठेवले. आपल्या हाती तर त्याहून सोपे साधन आहे.