पन्हाळा

कोल्हापूर जिल्ह्यातील इतिहासप्रसिद्ध डोंगरी किल्ला व तालुक्याचे ठिकाण. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किमी.; घेर सुमारे ७ किमी. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बांधला. पुढे यादव, बहमनी व आदिलशाही असे त्याचे धनी बदलत गेले. मराठ्यांच्या युद्धेतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने तलवारी, भाले पाहावेत ते कोल्हापुरात, नव्या राजवाड्यातील वस्तुसंग्रहालयात. पण वेढा म्हणजे काय, तो सोसायचा कसा, हे पन्हाळ्याचे बांधकामच शिकवते.

अंधारबाव त्यासाठी आधी पाहावी. ही तीन मजली बंदिस्त विहीर आहे : तळाशी पाणी, मधल्या मजल्यावर तटाबाहेर उघडणारी चोरवाट आणि वर पहारेकऱ्यांची जागा. शत्रू आधी पाण्यावर घाला घालतो, हे ओळखून केलेली ही रचना आहे. अंबरखाना या धान्यकोठारातील गंगा कोठीची क्षमता २५,००० खंडी सांगतात. बाहेरच्या जिन्याने छतावर चढून तिथल्या झरोक्यांतून धान्य आत ओतत. तीन दरवाजाचे कोरीवकाम देखणे आहे. मात्र एक दरवाजा फोडून आत आलेला शत्रू पुढच्या चौकात कसा कोंडला जातो, तेही तिथे उभे राहून पाहावे.

शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६५९ मध्ये, अफझलखान वधानंतर काही दिवसांतच, हा गड घेतला. मार्च १६६० मध्ये आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा पडला. राजापूरच्या इंग्रजांनी त्याला तोफांची मदत केली. त्याची शिक्षा त्यांना पुढल्याच वर्षी राजापुरात मिळाली. भर पावसात, जुलैमधील एका रात्री महाराज विशाळगडाकडे निसटले. त्यासाठी शिवा काशीद व बाजीप्रभू देशपांडे यांनी प्राण दिले. त्यानंतर गड जौहरच्या स्वाधीन करावा लागला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ गड्यांनिशी तो परत मिळवला. शेजारच्या डोंगरावरून गडावर मारा होऊ नये म्हणून तिथे पावनगड उभारण्यात आला.

१७०१ मध्ये औरंगजेबाने पन्हाळ्यापाशीच इंग्रज वकील सर विल्यम नॉरिस याची भेट घेतली. तेव्हा मोगलांच्या हाती गेलेला गड मराठ्यांनी लवकरच परत घेतला आणि ताराबाईंच्या काळापासून १७८२ पर्यंत तो करवीर (कोल्हापूर) राज्याची राजधानी होता. कवी मोरोपंतांचा जन्म इथलाच (१७२९).

१८४४ मध्ये जमिनी व अधिकार हिरावले गेल्याने गडकऱ्यांनी बंड केले व साताऱ्याचा रेसिडेंट ओव्हन्स यास गडावर कैदेत ठेवले. इंग्रजांनी तोफांनी तट फोडून गड घेतला, पुढे चार दरवाजाही पाडला. आजचा गाडीरस्ता त्याच्याच अवशेषांजवळून वर येतो. बहुतेक पर्यटक तिथे थांबत नाहीत, अभ्यासकाने थांबावे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत पन्हाळ्याचा समावेश आहे.