जाऊन-येऊन शिकलेल्यांचा इतिहास

बारावीचा निकाल लागला की आपल्या शाळेच्या प्रत्येक बॅचचे दोन भाग पडत. काही जण पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन नगरला किंवा पुण्याला होस्टेलवर जात. बाकीचे 'अप-डाऊन' करत. हा शब्द मूळचा रेल्वेचा. पाथर्डी तालुक्यात रेल्वे अजूनही आलेली नाही, पण शब्द मात्र घरोघरी पोचला. "पोरगी कुठं असते?" "नगरला अप-डाऊन करते." एवढ्या उत्तरात सगळे समजत असे.

कोणी होस्टेलला जायचे आणि कोणी अप-डाऊन करायचे, हे ज्याच्या-त्याच्या हुशारीवर नाहीतर घरच्या हौसेवर ठरते, असे आपण धरून चालतो. जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर वेगळे दिसते. ते धरणाच्या पाटावर, साखर कारखान्यावर आणि एस.टी.च्या वेळापत्रकावर ठरत आले आहे.

स्वातंत्र्यापूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण जिल्ह्यात कॉलेज नव्हते. मॅट्रिकनंतर शिकायचे तर पुण्यात १८८५ चे फर्ग्युसन होते, पुढे एस. पी. कॉलेज आले, आणि नाशिकला १९२४ मध्ये एच.पी.टी. निघाले. दौंड-मनमाड रेल्वे १८७८ पासून नगरवरून धावत होती, पण पुण्याला जायचे तर दौंडचा वळसा. रोज जाऊन-येऊन करणे शक्यच नव्हते. गरिबाचा मुलगा पुण्यात माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत असे, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यातही कोणाच्या ओटीवर कोणाला ताट मिळणार, हे जातीवर ठरे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामाचे मोल इथे कळते. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. मुलांनी एकत्र राहायचे, एकत्र रांधायचे, एका पंगतीत जेवायचे. त्यांच्या लेखी वसतिगृह ही निव्वळ राहायची सोय नव्हती, तीच खरी शाळा होती. रयतच्या शाखा पुढे आपल्या जिल्ह्यात गावोगावी झाल्या, हे आपण पाहतोच.

मग एका वर्षाच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. १९४७ साली डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले. आणि १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनची पहिली बस धावली, तीही नगरहून पुण्याला. एस.टी.चा वाढदिवस त्याच तारखेला असतो. जवळचे कॉलेज आणि सरकारी बस, अप-डाऊनला लागणाऱ्या या दोन्ही गोष्टींची सुरुवात आपल्याच जिल्ह्याच्या गावी झाली.

पण या गोष्टी सगळ्यांच्या वाट्याला सारख्या आल्या नाहीत. भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे पाट निघाले, आणि उत्तरेकडच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ सहकारी साखर कारखाना झाला, १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले, आणि मग एकामागून एक कारखाने निघाले. कारखान्यामागे शिक्षणसंस्था आल्या. १९६० ते १९६५ या काळात श्रीरामपूर, संगमनेर आणि कोपरगावला कॉलेजे झाली. १९८३ साली राज्य सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली, तेव्हा त्याच वर्षी लोणी, कोपरगाव आणि संगमनेर या तिन्ही ठिकाणी इंजिनिअरिंग कॉलेज उभे राहिले. तिथल्या शेतकऱ्याच्या मुलाला घरचा डबा घेऊन इंजिनिअर होता येऊ लागले. ही फार मोठी गोष्ट होती, आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे.

आपल्या बाजूला पाट नव्हता. पाथर्डी, जामखेड, कर्जत हा पट्टा पावसाच्या भरवशावर. ज्या उसाच्या पैशावर उत्तरेत कॉलेजे उभी राहिली, तो ऊस तोडायला दसरा-दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातली माणसे जात होती, आजही जातात. त्या घरातल्या मुलांपुढे 'घरी राहू की बाहेर जाऊ' हा प्रश्न वेगळ्याच रूपात येई. ज्या घरात राहायचे, ते घरच सहा महिने गाडीत बसून फडावर निघून जाई. मूल आजीजवळ राहिले तर शाळा टिकली, आईबापाबरोबर गेले तर सुटली. पुढे सरकारने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे सुरू केली. आपल्या वर्गातली काही बाके दिवाळीच्या सुट्टीनंतर रिकामी राहत, ती का, हे शाळेत असताना कोणी समजावून सांगितले नव्हते. आज ते लिहून ठेवावेसे वाटते, कारण ती नावेही आपल्याच हजेरीपटावर होती.

उरलेल्यांचा आधार होता मुक्कामी गाडीचा. रात्री गावात येऊन थांबणारी आणि पहाटे निघणारी एस.टी. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात नाहीतर ग्रामपंचायतीत झोपत, कोणाच्या तरी घरून त्यांना भाकरी-कालवण जाई. ज्या गावाला मुक्कामी गाडी, त्या गावची मुले कॉलेजात. ज्या वाडीला ती नाही, तिथली मुले आधी फाट्यापर्यंत चालत. विद्यार्थ्यांच्या मासिक पासला ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे तिकिटाच्या तिसऱ्या हिश्शात प्रवास. होस्टेल आणि मेस यांच्याशी तुलना केली तर हिशोब कुठल्याही बापाला तोंडी करता येत होता.

मुलींच्या बाबतीत हिशोब पैशांपुरता नव्हता. "संध्याकाळी घरी येणार असशील तर शीक" हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकले असेल! आम्हाला परवानगी होती ती शिकण्याची, बाहेर राहण्याची नव्हती. म्हणून मला वाटते, आमच्या खऱ्या प्रवेशाचा नियम विद्यापीठाने केलेला नव्हता. तो नगरच्या माळीवाडा स्टँडवर शेवटच्या गाडीच्या वेळेच्या रूपाने लिहिलेला होता. १९९० च्या दशकात अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळू लागला, तेव्हा कितीतरी मुली पाचवीच्या पुढे गेल्या. अप-डाऊनला दुय्यम समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. आमच्या पिढीतल्या अनेकींपुढे बस की होस्टेल अशी निवडच नव्हती. बस नाहीतर घर, एवढेच होते.

पण बसने घेतले काय, तेही सांगायला हवे. मी इंजिनिअरिंगची चारही वर्षे करंजी घाटातून नगरला जात होते आणि परत येत होते. जाताना दोन तास, येताना दोन. दिवसाचे चार, वर्षाचे दोनशे दिवस धरले तर ८०० तास, चार वर्षांचे ३२००. म्हणजे एकशे तेहेतीस दिवस आणि तितक्याच रात्री निव्वळ बसमध्ये. त्या काळी घरी कॉम्प्युटर कोणाकडे होता? प्रोग्रॅम लिहायचा वहीत, चालवून बघायचा कॉलेजच्या लॅबमध्ये, आणि लॅब खरी मोकळी होई ती संध्याकाळी पाचनंतर. होस्टेलची मुले तेव्हा मशीनवर बसत, आम्ही स्टँडवर उभ्या असू. सिनिअरच्या नोट्स, मुलाखतीची तयारी, कोणती कंपनी कधी येणार याची कुणकुण, हे सगळे रात्रीच्या मेसमध्ये वाटले जाई. पदवी दोघांची सारखी. तिच्या आजूबाजूने मिळणारे शिक्षण सारखे नव्हते. उलट बाजूही आहे. बसमध्ये मी कागदावर प्रोग्रॅम तपासायला शिकले, आणि घरची सुगी, आजारपण, पाहुणा-रावळा यांपासून तुटले नाही. होस्टेलच्या मैत्रिणी पहिल्या वर्षी रात्री उशीत तोंड खुपसून रडत, हेही त्यांनीच नंतर सांगितले.

पुढे आणखी पाऊल पडले. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. फीचा डोंगर सरला. मागे उरले ते अंतर. खोलीचे भाडे, मेसचे पैसे, आणि उशिराच्या प्रॅक्टिकलनंतर घरी कसे पोचायचे हा प्रश्न फीमाफीत बसत नाही.

म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने एक सुचवते. आपण जो निधी गोळा करणार आहोत, त्यातून गुणवंतांना ढाली आणि घड्याळे देण्याऐवजी दरवर्षी आपल्या शाळेच्या दोन-तीन मुलींचा पहिल्या वर्षाचा होस्टेल आणि मेसचा खर्च उचलावा. आणि ज्यांना अप-डाऊनच करायचे आहे, त्यांच्यासाठी संध्याकाळची एक गाडी उशिरा सोडावी, असा अर्ज आपण सगळ्यांनी सह्या करून आगारप्रमुखांना द्यावा. जिला राहायचे तिला राहता यावे, जिला यायचे तिला येता यावे. आपल्या वेळी हे वेळापत्रक ठरवत होते. आता ते त्या मुलींना ठरवू द्या.