नोंदवहीतली कोरी सहा वर्षं

डच फुटबॉलपटू फास विल्केसची आंतरराष्ट्रीय कारकीर्द सगळीकडे एकाच दमात सांगतात: ३८ सामने, ३५ गोल. तीच यादी तारखांनिशी वाचायला घेतली, तर १९४९ मधल्या शेवटच्या सामन्याखालची ओळ थेट १९५५ ची निघते. मधे काहीच नाही. नुसत्या या यादीवर विसंबणारा म्हणेल, गडी जायबंदी झाला असेल, नाहीतर त्याचा खेळ उतरला असेल.

इटलीतल्या नोंदी पाहिल्या की दोन्ही तर्क मोडीत निघतात. इंटर मिलान, १९४९ ते १९५२: साखळीत ९५ सामने, ४७ गोल. म्हणजे खेळ उतरला नव्हता, उलट ऐन भरात होता. मायदेशाच्या यादीत मात्र तो नव्हता.

विल्केसचा जन्म १३ ऑक्टोबर १९२३ चा, रॉटरडॅमचा. तिथल्याच झेर्क्सेस क्लबात तो मोठा झाला. १० मार्च १९४६ ला लक्झेंबर्गविरुद्ध पदार्पण केलं आणि नेदरलँड्सच्या ६-२ विजयातले चार गोल एकट्याने मारले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही तो होता. तिथे ब्रिटनने डचांना जादा वेळेत ४-३ असं हरवलं. उंच, लांब टांगांचा, चेंडू पायाशी खेळवत चार-चार जणांना चकवत जाणारा आघाडीवीर. असा खेळाडू परदेशी क्लबांच्या नजरेतून सुटणं कठीणच.

अडचण होती ती डच फुटबॉल महासंघाच्या नियमाची. फुटबॉल हौसेनेच खेळायचा, पैसे घेतले की राष्ट्रीय संघाची दारं बंद. नियम विल्केससाठी केलेला नव्हता. बेप बाकहाउस १९३७ मध्ये फ्रान्सच्या मेत्झ क्लबाकडे गेला, तेव्हा त्यालाही हीच किंमत मोजावी लागली होती. पंचविशीतल्या विल्केसने ती मोजली. तत्त्व म्हणून हौशीपणा शोभून दिसतो खरा, पण घरच्या हौशी संघाचं काय झालं तेही कागदावर आहे: १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राझीलकडून १-५.

इंटरनंतर तो तोरिनोत गेला. १९५२-५३ च्या त्या मोसमाची नोंद जेमतेम आहे: १२ सामने, एक गोल. याच मोसमात, ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्र बांध फोडून नेदरलँड्सच्या नैर्ऋत्य भागात घुसला आणि १,८३६ माणसं गेली. परदेशात पैसे घेऊन खेळणाऱ्या डच खेळाडूंनी पूरग्रस्तांसाठी फ्रान्सविरुद्ध सामना ठरवला. पुढाकार तेओ टिमरमन्स आणि ब्राम आपेलचा. १२ मार्च १९५३, पॅरिसचं पार्क दे प्रँस. बर्टुस डे हार्डर आणि आपेल यांनी गोल मारले आणि ज्यांना देशाकडून खेळायची मनाई होती, त्या संघाने फ्रान्सला २-१ असं हरवलं. डच महासंघाच्या अधिकृत सामन्यांत ही लढत धरत नाहीत. त्या अकरा जणांत विल्केस नव्हता. एवढ्या गाजलेल्या संघात त्याचं नाव घुसवण्याचा मोह होतो, पण यादी यादीच असते.

पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, महासंघाला खेळाडूंना पैसे देणं मान्य करावं लागलं. श्रेय पॅरिसच्या सामन्याला देण्याची रीत आहे. मला ते अर्धंच पटतं. त्या वर्षी देशात एक वेगळी व्यावसायिक संघटनाच उभी राहिली होती, आणि नोव्हेंबरात महासंघाने तिला आपल्यात सामावून घेतलं. भावनेपेक्षा दारातला प्रतिस्पर्धी लवकर समजतो.

विल्केस तेव्हा स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाकडून खेळत होता. १९५५ मध्ये राष्ट्रीय संघात परतला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. मायदेशी व्हीव्हीव्ही, पुन्हा स्पेनमध्ये लेव्हान्ते, मग फोर्तुना ५४, आणि शेवटी १९६२ ते १९६४ पुन्हा झेर्क्सेस, जिथून निघाला तिथेच. देशाकडून शेवटचा सामना १९६१ चा. लहानगा योहान क्रायफ त्याला आदर्श मानायचा, हे क्रायफनेच सांगून ठेवलं आहे.

त्या सहा वर्षांत त्याने देशासाठी किती गोल मारले असते, याचा हिशेब मी मांडणार नाही. न झालेल्या सामन्यांची नोंद नसते. देशासाठी ३५ गोलांचा त्याचा विक्रम टिकला तो १९९८ च्या विश्वचषकापर्यंत. मार्सेयमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध डेनिस बर्गकाम्पने ३६ वा गोल मारला, तेव्हा विल्केस चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.