वर विस्तव, खाली विस्तव

भैरवगढचे नाव घेतले की परगावच्या मनुष्यास तीन गोष्टी आठवतात : कालभैरवाचे देऊळ, क्षिप्रेकाठचा सिद्धवट आणि छिपा कारागिरांची मेणाच्या छपाईची वस्त्रे. चौथी आठवण मध्यवर्ती कारागृहाची. तिचा उच्चार सहसा कोणी करीत नाही. येथील मराठी घरांच्या स्वयंपाकघरांची आठवण मात्र या यादीत कधी येत नाही. आज आम्ही तीच काढणार आहोत, आणि निमित्त आहे एका परदेशी पक्वान्नाचे.

गेल्या ज्येष्ठात आमची नात अटलांटाहून सुटीवर आली. अटलांटा हे अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे मुख्य शहर, आणि त्या राज्याची ओळखच पीच या फळावरून आहे. उज्जैनच्या बाजारात त्या दिवसांत डोंगराकडून आलेले आडू दिसले, तशी तिला तिकडच्या उन्हाळी पक्वान्नाची आठवण झाली. त्याचे नाव पीच कॉबलर. फळाच्या गोड फोडी खाली, त्यांवर लोणी-पिठाच्या मऊ गोळ्यांचा थर, आणि सर्व एकत्र भाजायचे. तिने फळे आणली, पीठ चाळले, आणि नेमकी वीज गेली. आमच्या घरचा जुना गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन थंड पडला.

"आत्याआजी, आता हे कसं होणार?" असे ती हताशपणे म्हणाली. आमच्या आत्याबाई वयाची ऐंशी ओलांडलेल्या, ओसरीवर बसून सर्व पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, वीज नव्हती तेव्हा कुणी काही भाजलंच नाही का? वर विस्तव, खाली विस्तव. माळ्यावरचं ते काठाच्या झाकणाचं पातेलं काढायला सांग."

पातेले निघाले. त्याची कल्हई कधीच उडून गेली होती, आणि आंबट फळ उघड्या पितळेत कळकते. म्हणून आत्याबाईंनी पातेल्याच्या तळाशी दोन बोटे वाळू घालविली व तीवर स्टीलचे खोलगट भांडे ठेवविले. फळे मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून लगेच गार पाण्यात घातली की साल हाताने सुटते, हे नातीला ठाऊक होते. फोडींना साखर, लिंबाचा रस आणि चिमूटभर पीठ चोळले. पिठामुळे सुटलेला रस दाट होतो. वरच्या थरासाठी लोणी घट्ट लागते. ज्येष्ठातल्या उज्जैनात ते कोठून असणार? आत्याबाईंनी लोण्याची वाटी माठाच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. ते लोणी पिठात बोटांनी चुरले, चिमूटभर सोडा व आंबट ताक घालून सैलसर मळले, आणि त्याचे गोळे फळांवर मध्ये मध्ये फट ठेवून सोडले. फट नसली तर वाफेला वाट मिळत नाही आणि थर खालून कच्चा राहतो.

मग कंडे पेटवले. धूर पूर्ण गेल्यावर निखारे घेतले : थोडे खाली, अधिक झाकणावर. हे प्रमाण महत्त्वाचे आहे. खालचा रस साखरेचा; त्यास जहाल आच लागली तर तो करपतो. वरच्या थराला मात्र रंग यावयाचा तर उष्णता वरूनच मिळाली पाहिजे. पाऊण तासाने झाकण उचलले तेव्हा वरचा थर तांबूस झाला होता आणि फटींतून रस बुडबुडत होता. नात म्हणाली की तिच्या ओव्हनमध्येही इतके चांगले होत नाही. तिचे बोलणे आत्याबाईंचे मन राखण्यासाठी होते की खरे, याचा निर्णय आम्ही करीत नाही. भांडे मात्र रात्रीपर्यंत रिकामे झाले.

या प्रसंगानंतर आम्ही कॉबलरची कुळकथा शोधू लागलो, तेव्हा चकित झालो. अमेरिकेत गेलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांना मायदेशीच्या पुडिंगांची व पायांची सवय होती. नव्या मुलुखात तेथले साहित्य, भांडी आणि भट्ट्या सहज मिळत नसत. जवळ होते ते जाड लोखंडी भांडे : तीन पायांचे, आणि झाकणाला उभा काठ असलेले. काठ कशासाठी? झाकणावर ठेवलेले निखारे घसरू नयेत म्हणून! शिजवलेल्या फळांवर पिठाचे गोळे सोडून तेच भांडे विस्तवात ठेवावयाचे, ही युक्ती अशा अडचणीतून रूढ झाली. 1859 साली बार्टलेट यांनी अमेरिकन शब्दांच्या आपल्या कोशात या पदार्थाची नोंद केली, आणि तेथेही तो भांड्यातच भाजावयाचा सांगितला आहे. म्हणजे आज सुबत्तेचे वाटणारे हे पक्वान्न मुळात परमुलखात येऊन राहिलेल्या माणसांच्या टंचाईतून जन्मलेले आहे. आत्याबाईंनी माळ्यावरून काढविलेले पातेले त्या लोखंडी भांड्याचे सख्खे नसले तरी चुलत भावंड नक्कीच शोभेल.

फळाची कथाही प्रवाशाचीच आहे. पीच मूळ चीनचे. ते पश्चिमेकडे इराणमार्गे गेले; रोमन लोकांनी त्यास इराणचेच फळ समजून तसे नाव दिले, आणि शास्त्रीय नावात ती चूक अद्याप टिकून आहे. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी ते अमेरिकेस नेले, तेथील मूळ रहिवाशांनी दूरवर लावले, आणि मागून आलेल्या इंग्रजांना ते तेथलेच वाटले. आपल्याकडची कथा त्याहून जुनी. सातव्या शतकात आलेल्या युआन श्वांग या यात्रेकरूने लिहिले आहे की, कनिष्काच्या काळी ओलीस म्हणून आलेल्या चिनी राजपुत्राने पीच व नासपती ही फळे भारतात आणली, आणि म्हणून पीचला येथे 'चीनानी' म्हणत. याच यात्रेकरूच्या ग्रंथात उज्जयिनीचेही वर्णन आहे. ओलीस राहिलेल्या राजपुत्रास मायदेशीचे फळ परमुलखात लावावेसे वाटले, ही गोष्ट आमच्यासारख्या घरांतील माणसांस अधिक समजावून सांगावयास नको.

आता आपल्या घराकडे वळू. भाजलेले गोड म्हणजे साहेबाचे, आणि आपले म्हणजे तळलेले किंवा उकडलेले, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. कायस्थ प्रभूंच्या घरी श्रावणात होणारे निनाव पाहा : डाळीचे व गव्हाचे पीठ, गूळ, नारळाचे दूध, आणि भाजणे वर-खाली निखाऱ्यांवर. कोकणातले धोंडस, गोव्यातली तवसाळी : काकडीचा कीस, तांदळाचा रवा आणि गूळ, तेही त्याच रीतीने. पाठारे प्रभूंचे भानोले तिखटाचे, परंतु रीत तीच. गोव्याच्या ख्रिस्ती घरांतला बेबिंका तर थरावर थर देत, प्रत्येक थर वरच्या निखाऱ्यांनी भाजून होतो. पोर्तुगीजांनी पाव आणला, हे खरे; पण झाकणावर निखारे ठेवण्याची युक्ती आपल्या बायकांच्या हातात इतकी मुरलेली होती की तिला परके म्हणवत नाही.

ही रीत माळव्यात कशी आली? 1728 च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरिधर बहादूर यांचा पराभव केला आणि माळव्याचे दार मराठ्यांस उघडले. पुढे राणोजी शिंदे यांनी उज्जैन हे आपले मुख्य ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची उभारणी केली. कालभैरवास महादजींनी आपली पगडी वाहिली, ही भैरवगढची आख्यायिका आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. फौजेमागून कारकून आले, वैदिक आले, पुजारी आले, आणि त्यांच्यामागून त्यांची कुटुंबे आली. 1810 साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरच्या लष्करात नेली. बायजाबाईसाहेबांच्या गोपाळमंदिराच्या छायेत, क्षिप्रेच्या घाटांवर आणि भैरवगढच्या वाटेवर काही घरे मात्र राहिलीच. राजधानी हलते, चूल इतक्या सहज हलत नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत या कुटुंबांतील पुरुषांची नावे, सनदा व इनामे सापडतात. बायकांनी बैलगाडीतून काय आणले, याची सनद कोणी लिहिली नाही. परंतु थोडा विचार केला तर ते उमगते. नारळ आणता आला नाही. तांदूळ महाग पडला. फणस तर विसरावाच लागला. माळव्यात होता गहू, दूध, गूळ आणि आंबा. म्हणून तांदळाच्या रव्याच्या जागी गव्हाचा रवा आला, नारळाच्या दुधाच्या जागी म्हशीचे दूध आले. आमच्या घरी आंब्याच्या रसात गव्हाचा जाडसर रवा भिजवून, गूळ व साय घालून, ज्येष्ठात एक गोड भाजत असत. त्यास विशेष नावही नव्हते. 'निखाऱ्यावरचे' एवढेच म्हणत. शेजारच्या माळवी घरांतून बाटी-बाफले शिकले, तेव्हा कंड्यांचा विस्तव राखेखाली कसा धरून ठेवावा हेही शिकले. आत्याबाई ते निखारे आजही माळवी रीतीनेच राखतात आणि कोकणी रीतीनेच झाकणावर ठेवतात. आपण कोण आहोत, याचे याहून नेमके उत्तर आम्हांस कोणत्याही बखरीत मिळाले नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आमच्या बैठकीतील एका ज्येष्ठांनी विचारले, "मुलांची मराठी सुटत चालली आहे, आणि आपण कॉबलरचे कौतुक करायचे?" दुःख खरे आहे. आमच्या पिढीत घरी मराठी, दारी माळवी, कचेरीत हिंदी अशी वाटणी होती. नातवंडांच्या पिढीत घरचीही भाषा इंग्रजी झाली आहे. परंतु त्या दुपारी जे झाले त्याकडे आम्ही उलट बाजूने पाहतो. तीस वर्षे ते पातेले माळ्यावर होते. दोनदा ते मोडीत घालण्याचे ठरले होते, आणि दोन्ही वेळा आम्हीच होकार दिला होता. 'निखाऱ्यावरचे' गोड आमच्या पत्नीस खाऊन माहीत, करून नाही. परदेशी फळाच्या पक्वान्नाने ते पातेले खाली आणले नसते, तर ती रीत आत्याबाईंबरोबरच गेली असती. जपण्याचा अभिमान आम्हांस होता. जपण्याचे काम मात्र आम्ही केले नव्हते.

छापील ग्रंथांवर विसंबून चालणार नाही. मराठीत पाकशास्त्राची पुस्तके लवकर झाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 चे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 चे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 ची, आणि ती तर आपल्या मुलींच्या सासरी पेटाऱ्यातून गेली. ही पुस्तके थोर आहेत. पण माळव्यात येऊन बदललेले आपल्या घरचे प्रमाण त्यांनी कोठून सांगावे? अमेरिकेतील एक उदाहरण या ठिकाणी आठवते. ॲबी फिशर ही दक्षिणेतील गुलामगिरीत जन्मलेली स्वयंपाकीण. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने पाककृती तोंडी सांगितल्या, इतरांनी त्या उतरवल्या, आणि 1881 साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांचे पुस्तक निघाले. सांगणारी होती म्हणून ते झाले. पण उतरवून घेणारे बसले म्हणूनही झाले. आपल्या घरांत सांगणाऱ्या अद्याप आहेत. त्यांच्यासमोर बसणाऱ्यांची वाण आहे, आणि त्यांत आमचीही गणना आहे.

परत निघण्याच्या आदल्या रात्री नात आत्याबाईंजवळ बसली. कॉबलरचे नव्हे, 'निखाऱ्यावरचे' प्रमाण तिने विचारले. आत्याबाईंचे प्रमाण मुठीचे व ओंजळीचे. नात ते वाटीत मोजून घेत होती. दोन वाट्या रवा, तेवढाच आंब्याचा रस, वाटीभर गूळ, अर्धी वाटी साय. दोन तास भिजवणे. खाली विस्तव थोडा, वर जास्त. मराठी तिला बोलता येते, लिहिता येत नाही; तिने ते सर्व मराठीच, पण रोमन लिपीत लिहिले. कागद आत्याबाईंच्या हातात दिला तेव्हा त्यांनी चष्मा लावला, पाहिले आणि परत केला. मग आम्ही तेच दुसऱ्या कागदावर देवनागरीत उतरवले व वाचून दाखविले. आत्याबाईंनी एक दुरुस्ती सांगितली : गूळ वाटीभर नव्हे, आंबा गोड असेल तर पाऊण. ती दोन्ही कागदांवर केली. एक कागद अटलांटास गेला. दुसरा आमच्याकडे, पातेल्याच्या झाकणाखाली ठेवला आहे. पातेले आता माळ्यावर नाही. कल्हईवाल्याचा शोध चालू आहे.