गोफणीचा लांबलेला हात

१९५९ साली जिथे पहिली झोतभट्टी पेटली, त्या भिलाईत वजनाचे सामर्थ्य कुणास समजावून द्यावे लागत नाही. पण जड वस्तू खाली सोडून हलकी वस्तू दूर धाडण्याची युक्ती माणसाला फार पूर्वीच साधली होती.

मचाणावरून जोंधळा राखणाऱ्याची गोफण आपण पाहिली आहे. तीच लांब दांड्याच्या टोकास बांधावी, आखूड बाजूस जड पेटारा लटकवावा. पेटारा खाली येताच दांडा उसळतो, गोफण फिरते आणि नेमक्या क्षणी सुटलेला धोंडा तटापलीकडे जातो.

मध्ययुगातील क्षेपणयंत्रांना मंजनीक, मगरबी म्हणत. अलाउद्दीन खलजीच्या सैन्याने रणथंभोरला वेढा घातला, तेव्हा गडावरून आलेल्या धोंड्यानेच त्याचा सेनापती नुसरतखान प्राणास मुकला, असे बरनी लिहितो. १३०१ साली गड पडला खरा; पण यंत्र कोणाचाच पक्ष घेत नाही, हेही दिसून आले.

पुढे तोफांनी ही यंत्रे अडगळीत टाकली. १९८६ साली अमेरिकेतील डेलावेअर राज्यात हौशी मंडळींनी यंत्रांनी भोपळे फेकण्याची स्पर्धा सुरू केली. तीत या गोफणयंत्रांचाही वर्ग असे. तट फोडण्यासाठी जन्मलेल्या यंत्राने अखेर भोपळा फोडावा, याहून चांगली गती शस्त्राला कोणती?