साखरेचे घर: ब्रिस्टलमधील एक जॉर्जियन वास्तू 🧵

१/८
इंग्लंडमध्ये १७१४ ते १८३० या काळात जॉर्ज नावाचे चार राजे एकापाठोपाठ एक गादीवर आले. त्यांच्या नावावरून त्या काळातील वास्तुशैलीला ‘जॉर्जियन’ म्हणतात. ब्रिस्टल शहरातील ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवरचे ७ क्रमांकाचे घर हा या शैलीचा एक उत्तम नमुना. आज तेथे संग्रहालय आहे.

२/८
या शैलीचा प्राण म्हणजे प्रमाणबद्धता. सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुकार पॅलाडिओ हा तिचा आदर्श. दर्शनी भाग सपाट, खिडक्या एका रांगेत आणि वर-खाली सरकणाऱ्या, अलंकरण मोजकेच. रस्त्यावरून पाहणाऱ्याला मालकाची संपत्ती दिसावी, पण ती संयत आणि सुसंस्कृत वाटावी, असा हा बेत असे.

३/८
हे घर सुमारे १७९० मध्ये जॉन पिनी याच्यासाठी बांधले गेले. वरच्या मजल्यांवर बैठकीची दालने, अभ्यासिका आणि शयनगृहे. तळघरात स्वयंपाकघर आणि धुणीघर. तळघरातच थंड पाण्याचा एक कुंडही आहे. पिनीला थंड पाण्याच्या स्नानाची आवड होती. वरच्या दालनांतील निवांतपणा खालच्या मजल्यावरील श्रमांवर उभा होता, आणि ते श्रम पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत, अशी ही रचना होती.

४/८
मात्र या घरासाठी झालेले सर्वाधिक श्रम तळघरातही नव्हते. ते अटलांटिकपलीकडे होते. कॅरिबियनमधील नेव्हिस या लहानशा बेटावर पिनीचे उसाचे मळे होते आणि तेथे गुलाम राबत. १७६०च्या दशकात तो प्रथम नेव्हिसला गेला, तेव्हा माणसांची विक्री पाहून आपल्याला धक्का बसल्याचे त्याने पत्रात लिहिले. पण त्याच पत्रात, ही ईश्वराचीच योजना असावी, अशी स्वतःची समजूतही त्याने घातली.

५/८
१७६५ मध्ये पिनीने पेरो नावाचा बारा वर्षांचा मुलगा विकत घेतला. सोबत त्याच्या दोन लहान बहिणीही. पेरो पुढे पिनीचा खासगी सेवक झाला. १७८३ मध्ये पिनी कुटुंब इंग्लंडला परतले, तेव्हा पेरोही आला. त्याच्यासोबत फॅनी कोकर ही दासीही होती. तिला १७७८ मध्येच गुलामीतून मुक्त करण्यात आले होते. पेरोच्या वाट्याला ती मुक्ती कधीच आली नाही.

६/८
मग इंग्लंडच्या भूमीवर पेरो कोण होता? १७७२च्या सॉमरसेट खटल्यात न्यायाधीश मॅन्सफिल्ड यांनी निर्णय दिला, की गुलामाला बळजबरीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही. पण त्यामुळे इंग्लंडमधील प्रत्येक गुलाम आपोआप मुक्त झाला नाही. पेरोसारखी माणसे या धूसर सीमेवर जगत राहिली. तीसहून अधिक वर्षे पिनीची चाकरी करून १७९८ मध्ये तो मरण पावला.

७/८
याच पिनी कुटुंबाने १७९५ मध्ये डॉर्सेटमधील आपले रेसडाउन हे घर तरुण कवी विल्यम वर्ड्‌सवर्थ याला विनाभाडे राहायला दिले. इंग्रजी काव्यातील एका नव्या पर्वाच्या प्रारंभी कवीला लाभलेल्या छपरामागेही उसाच्या मळ्यांचा पैसा होता. वास्तू, साहित्य आणि गुलामी यांचे इतिहास वेगवेगळ्या ग्रंथांत लिहिले जातात. त्या काळी मात्र ते एकाच हिशेबवहीत नोंदले जात होते.

८/८
घराच्या भिंतींवर या श्रमांची खूण नाही. प्रमाणबद्ध दर्शनी भाग पाहून नेव्हिसचे मळे आठवणार नाहीत. म्हणूनच जुनी वास्तू पाहताना ती कोणी उभारली, यासोबत ती कशाच्या बळावर उभी राहिली, हेही विचारावे लागते. ब्रिस्टलने या प्रश्नाचे एक उत्तर १९९९ मध्ये दिले: बंदरावर बांधलेल्या नव्या पादचारी पुलाला ‘पेरोचा पूल’ असे नाव देण्यात आले. पिनीच्या घरापासून तो चालत काही मिनिटांवर आहे.