गाडीचा सातबारा

रिसोडच्या माणसाला शेत घ्यायचे असले की तो आधी सातबारा काढतो. मालकाचे नाव वाचून तो थांबत नाही. त्याचे बोट 'इतर हक्क' या रकान्यावर जाते. तिथे सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसला की सौद्याची भाषाच बदलते. बाकी किती, ती कोण भरणार, बोजा कधी उतरणार, हे ठरल्याशिवाय कोणी इसार देत नाही. तोच माणूस जुनी चारचाकी घेताना मात्र बोनेट उघडतो, टायर बघतो, एक चक्कर मारतो आणि रक्कम मोजून देतो.

या सवयीचे मूळ बैलबाजारात असावे. बैल घेताना दात मोजायचे, खांदा चाचपायचा, चाल बघायची. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरायचा आणि कासरा हाती आला की बैल आपला. पारख सगळी जनावराची. मोटार आली तेव्हा पारखीची ही रीत तिलाही लागू झाली. पण मोटारीबरोबर एक तिसरा माणूस आला होता, आणि तो बाजारात दिसत नव्हता.

तो म्हणजे हप्ता घेणारा. मोटारधंद्यात आधी रुळली ती भाडेखरेदी. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी कंपनीच्या मालकीची, चालवणारा करारापुरता भाडेकरू. मद्रासची सुंदरम फायनान्स १९५४ सालची. ट्रक-बसच्या धंद्याला अशाच कंपन्यांनी भांडवल पुरवले. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात १९६९च्या दुरुस्तीने कलम ३१-अ आले आणि भाडेखरेदीच्या गाडीसाठी खास तरतूद झाली. भाडेखरेदीवर १९७२ साली स्वतंत्र कायदाही झाला, पण तो प्रत्यक्षात कधी लागू झाला नाही आणि २००५ साली रद्द झाला.

पुढे बँका गाडीकर्जात उतरल्या आणि भाडेखरेदीच्या जागी हायपोथिकेशन रुळले. मराठीत त्याला नेमका शब्द आहे : नजरगहाण. सराफाकडे ठेवलेला दागिना सराफाच्या तिजोरीत असतो, म्हणून तो विकायचा प्रश्नच येत नाही. नजरगहाणातली गाडी मात्र कर्जदाराच्या अंगणात उभी असते. ती धुतो तो, फिरवतो तो, किल्लीही त्याच्याच खिशात. घेणाऱ्याची फसगत होते ती इथेच.

१ जुलै १९८९ पासून अमलात आलेल्या १९८८च्या कायद्याचे कलम ५१ हा गाडीचा 'इतर हक्क' आहे. कर्जाच्या कराराची नोंद गाडीच्या आरसीवर होते, आणि नोंदीतल्या वित्तसंस्थेच्या लेखी संमतीवाचून आरटीओ नवा मालक चढवत नाही. बोजा चढतो फॉर्म ३४ने, उतरतो फॉर्म ३५ने. बोजा उतरवण्यालाच लोक 'एचपी काढणे' म्हणतात.

रिसोडपुरता यात भूगोलही येतो. १ जुलै १९९८ला वाशीम जिल्हा झाला, तोवर रिसोड अकोला जिल्ह्यात होते. गाड्यांचे पासिंग एमएच ३०. आता एमएच ३७. शेजारचे मेहकर आणि लोणार बुलढाण्यात, म्हणजे एमएच २८. सेनगाव हिंगोलीत, म्हणजे एमएच ३८. रिसोडला रेल्वे नाही, रुळ गेले ते वाशीमवरून. त्यामुळे सगळा व्यवहार रस्त्याचा, आणि गाड्या जिल्ह्याच्या सीमा सहज ओलांडतात. दुसऱ्या आरटीओकडची गाडी आपल्याकडे नोंदवायची तर फॉर्म २८चे ना-हरकत लागते, आणि बोजा असेल तर बँकेची संमतीही.

या दोन्ही अडचणी टाळायला एक वाट रूढ झाली. मूळ मालकाला हातात काही रक्कम द्यायची, पुढचे हप्ते घेणाऱ्याने भरायचे, मुद्रांकावर लिहून नोटरी करायची आणि नाव बदलण्याच्या फॉर्म २९-३०वर कोऱ्या सह्या घेऊन ठेवायच्या. हा कागद दोघांमधला. बँक त्यात नाही. घेणाऱ्याने हप्ते भरले तरी ते दुसऱ्याच्या खात्यावर जमा होतात. विकणाऱ्याचे दुसरे कर्ज थकले किंवा तो वारला, तर घेणाऱ्याच्या हाती फक्त किल्ली उरते. हप्ते तुंबले की गाडी ओढून नेतात. वसुलीसाठी गुंड वापरू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले; पण गाडीवरचा बँकेचा हक्क त्याने कमी होत नाही.

विकणाराही सुटत नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती, नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली. २००९ साली अपघात झाला. ६ फेब्रुवारी २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदीवरच्या मालकावर टाकली. गाडी विकून दोन वर्षे होत आली होती, तरीही.

सरळ रस्ता बँकेतूनच जातो. विकणारा आणि घेणारा दोघांनी शाखेत जावे, त्या दिवसापर्यंतची पूर्ण बाकी लेखी घ्यावी, तेवढी रक्कम घेणाऱ्याने थेट कर्जखात्यात भरावी आणि उरलेलीच विकणाऱ्याला द्यावी. बँकेचे ना-हरकत आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ आला की बोजा उतरवणे आणि नाव चढवणे ही कामे आरटीओत होतात. बँकेची फेरी टाळायला बघणाऱ्या विकणाऱ्याला इसार देऊ नका.